उंबरखोऱ्याचं माहेर

तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं, तेव्हा मी यंत्र बंद केलं आणि हात धुऊन आले. हात स्वच्छच होते, पण थोडा वेळ हवा होता.

करंजदऱ्याच्या जंगलात आमच्या संशोधन केंद्रानं एकोणीस हवाचाळण्या टांगल्या आहेत. तळहाताएवढा पंखा, त्यामागे कागदासारखा पातळ फिल्टर, आणि पानाखाली लपेल एवढी सौरपट्टी. पंखा दिवसभर हवा ओढतो. कुठलाही प्राणी सतत थोडाथोडा झिजत असतो. त्याच्या कातडीची पूड, केसांचे तुकडे, श्वासातले थेंब हवेत तरंगतात आणि फिल्टरवर येऊन बसतात. त्या प्रत्येक कणात त्या जिवाची सगळी कुंडली असते. पूर्वी आम्हाला त्यातून एवढंच कळायचं की इथे शेकरू आहे. गेल्या चार वर्षांत वाचन इतकं बारीक झालंय की कोणतं शेकरू, ते नर की मादी आणि ते कुणाचं पिल्लू, हेही सांगता येतं. झाडाखाली उभं राहून मान मोडेपर्यंत वर बघायची गरज उरलेली नाही.

त्या फिल्टरांनी मला त्रेसष्ट शेकरं दाखवली. त्यातल्या एक्केचाळीस शेकरांचं माहेर करंजदऱ्याचं नव्हतं.

माहेर हा शब्द मी मुद्दाम वापरते. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म कण असतात आणि त्यांची स्वतःची छोटीशी जनुकमाला असते. ती फक्त आईकडून मिळते. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. बापाचं त्यात काही नसतं. त्यामुळे कोणत्याही शेकराच्या केसावरून त्याची पणजी, खापरपणजी कोणत्या जंगलातली होती ते सांगता येतं. या एक्केचाळीस जणांची सगळी रेषा एकाच मादीशी जाऊन थांबत होती. ती साधारण सतरा वर्षांपूर्वीची होती आणि उंबरखोऱ्याची होती.

उंबरखोरं करंजदऱ्यापासून चौदा किलोमीटरवर आहे. मध्ये धरणाचं पाणी आहे, डांबरी रस्ता आहे आणि एकही झाड नसलेला लांबच लांब खडकाळ सडा आहे. शेकरू जमिनीवर चालत नाही. ते फांदीवर जन्मतं आणि फांद्याफांद्यांनीच जगतं. फांदी संपली की त्याचं जग संपलं.

म्हणजे ती मादी कुणीतरी उचलून आणली होती.

हे नुसतं कोडं असतं तर मला मजा वाटली असती. पण ‘करंजदरा निष्कर्ष’ या नावानं ओळखला जाणारा प्रबंध आमच्या केंद्राचे प्रमुख डॉ. समीरण दातार यांचा होता. करंजदऱ्यात एकेकाळी जेमतेम बावीस शेकरं उरली होती. सगळी आपापसातली, एकमेकांची भावंडं. हिशेबाप्रमाणे ती दहा वर्षांत संपायला हवी होती. ती संपली नाहीत, उलट वाढली. नऊ वर्षांपूर्वी दातार सरांनी लिहिलं की छोटं, एकटं पडलेलं जंगल नीट राखलं तर बाहेरच्या मदतीवाचून सावरतं. सरकारला हे वाक्य आवडलं. तेव्हापासून सह्याद्रीतल्या अशाच अकरा एकाकी जंगलांसाठी कुणी झाडांची जोडपट्टी मागितली किंवा बाहेरून जनावर आणायची परवानगी मागितली, की उत्तर ठरलेलं असे: करंजदरा पाहा.

करंजदरा राखला होता माझ्या वडिलांनी, चिमाजी तळपे यांनी. त्यांना जाऊन तीन महिने झाले होते. येत्या शुक्रवारी तिथल्या नव्या निरीक्षण केंद्राला त्यांचं नाव दिलं जाणार होतं.

दातार सरांना मी अहवाल दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“फिल्टर खराब असेल योगिता. उंबरखोऱ्याचे नमुने याच टेबलावर आले होते ना?”

“वेगळ्या खोलीत वाचले सर. तीनदा.”

“नवीन चाळण्या लावून?”

“तिसरी खेप नवीन चाळण्यांचीच आहे.”

त्यांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, “मी विचारलं होतं त्यांना. प्रबंध पाठवण्याआधी तुमच्या ओट्यावर बसून विचारलं होतं. चिमाजी, बाहेरून कधी एखादं जनावर आलंय का या रानात?”

“आबा काय म्हणाले?”

“वहीत नाही, म्हणाले.” सर कसनुसं हसले. “मी ते ‘नाही’ असं ऐकलं. तुमच्या मंडळाच्या वहीत नाही म्हणजे घडलंच नाही, हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो.”

तसं धरायला कारण होतं. आबांनी गावातली चाळीस घरं जोडून शेकरू राखण मंडळ उभं केलं होतं आणि त्या मंडळाचा एक नियम होता. दोघांनी पाहिलं तरच वहीत लिहायचं आणि दोघांनी सही करायची. एकट्यानं वाघ पाहिला तरी तो वहीत जात नसे. एक शेकरू सहा-सात घरटी बांधतं, त्यातलं राहतं एक. नवखा माणूस घरटी मोजून शेकरांचा आकडा फुगवतो. म्हणून हिरव्या पानांचं ताजं घरटं कोणतं आणि सोडलेलं कोणतं, यावर दोन माणसांचं एकमत झाल्याशिवाय पेन उघडायचं नाही. एकतीस वर्षांच्या त्या वह्यांवर देशातले संशोधक डोळे मिटून विश्वास ठेवत आले.

“शुक्रवारी मंत्रालयातले लोक आहेत,” सर म्हणाले. “हे सोमवारी सांगितलंस तरी शास्त्र बदलत नाही.”

“शुक्रवारी पाटी लागल्यावर सोमवारी मी सांगेन का, याची मला खात्री नाही सर.”

त्यांनी मान हलवली. “मग आधी नीट काय ते शोधून काढ. आणि तू जे ठरवशील ते माझ्या प्रबंधाची काळजी न करता ठरव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करंजदऱ्याला पोचले. सतरा वर्षांपूर्वीची वही काढली. फेब्रुवारीत आबांच्या सहीविना पाच दिवस होते. एकतीस वर्षांत तेवढीच फट. मग आठवलं. तेव्हा मी पुण्यात शिकत होते आणि आई फोनवर म्हणाली होती, तुझे आबा लग्नाला गेलेत. कुणाच्या, ते तिलाही सांगता आलं नव्हतं.

त्याच पाच दिवसांत आणखी एक सही नव्हती. हौसाबाई भवारीची.

हौसाआत्या माझी सख्खी आत्या नाही, पण गावात मला सगळ्यात जास्त ओरडणारी बाई तीच. आबांनंतर मंडळाची अध्यक्ष. मी गेले तेव्हा ती अंगणात हिरडा वाळत घालत होती.

“ये गं. बारीक झालीस. जेवतेस का नुसतं यंत्रच पुसतेस?”

मी शेजारी बसून हिरडा पसरू लागले. म्हटलं, “आत्या, उंबरखोऱ्याची मादी कुणी आणली?”

तिचा हात थांबला नाही. “कसली मादी?”

“सतरा वर्षांपूर्वीची. तिची एक्केचाळीस नातवंडं-पतवंडं या रानात आहेत. हवेतून कळलं.”

“हवा लई बोलाय लागली आता,” ती म्हणाली. “पूर्वी गप असायची.”

“आत्या.”

“हे बघ योगे. तुझा बाप गेला, चांगल्या नावानं गेला. परवा पाटी लागतीय. बिनपरवाना जनावर हलवलं म्हणून कुणी गुन्हा नोंदवला, तर त्याचं एक जाऊ दे, पण मंडळाचं सरकारी राखणीचं पत्र जाईल. चाळीस घरांनी एवढी वर्षं रान राखलं, ते काढून घेतील. तुझं काय, तू जाशील पुण्याला.”

तिचं चूक नव्हतं. मी हिरडा पसरत राहिले. थोड्या वेळानं मी तिला भुईदऱ्याचं सांगितलं. अकरा जंगलांपैकी ते एक. तिथल्या गटानं तीनदा अर्ज केला होता आणि तीनदा त्यांना आमचं उदाहरण देऊन परत पाठवलं होतं.

“किती राह्यलीत?” तिनं विचारलं.

“नऊ.”

“माद्या?”

“चार.”

“पिल्लं?”

“दोन वर्षांत एक. तेही टिकलं नाही.”

आता तिचा हात थांबला. “घरटी बांधत असतील,” ती म्हणाली. “हिरवी, ताजी. आत काही नसंल.”

“हो.”

“आमचं तसंच झालं व्हतं.” तिनं पदरानं हात पुसले. “तीन वर्षं आम्ही घरटी मोजली न् सह्या केल्या. वही भरत व्हती न् रान रिकामं व्हत व्हतं. चिमा रोज जांभळीखाली बसायचा. मग एक दिवस तूच त्याला फोनवर सांगितलंस.”

“मी?”

“तूच की. कॉलेजात शिकवलं व्हतं तुला. घरातल्या घरात सोयरिकी झाल्या की पोरं जगत न्हाईत, लांबच्या रानातली एक मादी आली तरी पुरं, असं तू म्हणालीस. फोन ठेवून तो माझ्याकडं आला. म्हणाला, हौसे, पोरगी म्हणती एक पुरं.”

मला तो फोन आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. परीक्षेच्या आधी मी आबांना काहीबाही सांगत असे, कारण त्यांना सांगितलं की माझा अभ्यास व्हायचा. ते फक्त “बरं, मग?” म्हणत. पलीकडे ते ऐकत नसून ठरवत असतील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“मग काय केलंत?”

“केलं काय. कामट्यांचा पिंजरा बांधला, उंबराच्या फांदीवर टांगला, आत पिकली उंबरं न् भिजवलेलं शेंगदाणं. दोन दिवस खाली बसून राह्यलो. तिसऱ्या दिवशी मादी आत आली. तरणी व्हती, नाकावर गोरी. म्या म्हटलं चल आता. तर चिमा झाडावर चढला न् तिचं घरटं सोडवून घेऊन आला. सगळं, काटक्या-पानांसकट. म्हणाला, परक्या गावाला चाललीय, घरचं काहीतरी बरोबर पाहिजे.”

“घरटंही आणलंत?”

“बांबूच्या डालग्यात तिचं घरटं न् त्यात ती. वरून ओलं फडकं. धरणाला वळसा घालून दीड दिवस चाललो. उन्हाचं थांबायचं, सावलीत. मधी एकानं विचारलं डालग्यात काय हाय? चिमाला खोटं बोलता येईना. म्या म्हटलं कोंबडी. तेवढ्यात ती आतून अशी कडाडली, तो म्हणाला मावशी, कोंबडी आजारी दिसती.” हौसाआत्या हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “इथं आणून जांभळीवर घरटं बांधलं, तसंच. ती त्यात शिरली ती संध्याकाळपतुर बाहेर आली न्हाई. त्या पावसाळ्यानंतर पिल्लं दिसली. दोन.”

“आणि वहीत?”

“तो आल्या आल्या वही घेऊन बसला व्हता. तारीख लिहिली. म्या सही करंना. म्हटलं, ही वही सायबाकडं जाती, तू तुरुंगात जाशील, तुझी पोरगी शिकतीय. तो म्हणाला, हौसे, दोघांनी पाहिलंय, लिहाय पाहिजे. म्या म्हटलं, मी न्हाई पाहिलं. मग त्याला लिहिताच येईना. आपलाच नियम.” ती हिरड्याकडे बघत राहिली. “त्यानं ते पान फाडलं न्हाई. तारखेवर काट मारली न् वही मिटली. पुढं कदी बोलला न्हाई, पण दातार सायेब आले की उठून गोठ्यात जायचा.”

मी वही उघडून ते पान पाहिलं. अठ्ठावीस फेब्रुवारी, त्यावर एक आडवी रेघ. मी ती आधी चुकून लिहिलेली तारीख समजून सोडून दिली होती.

आबा सरांशी खोटं बोलले नव्हते, पण खरंही बोलले नव्हते, आणि त्या अर्ध्या उत्तरावर अकरा जंगलं अडकली होती. हे त्यांना ठाऊक होतं का? मला वाटतं, शेवटी शेवटी झालं असावं. आजारपणात त्यांनी मला एकदा विचारलं होतं, त्या चाळण्या कधी लागणार? मी म्हटलं दिवाळीनंतर. “लवकर लावा,” ते म्हणाले. मला वाटलं होतं त्यांना नवीन यंत्र बघायची हौस आहे.

“आत्या, मी शुक्रवारी सांगणार आहे,” मी म्हटलं. “तुझं नाव घेणार नाही.”

“का घेणार न्हाईस?” ती एकदम तडकली. “डालगं काय त्यानं एकट्यानं आणलं? अर्धी वाट माझ्या डोक्यावर व्हतं!”

शुक्रवारी सकाळी मंडपात सगळे आले. मंडळाची चाळीस घरं, आमचं केंद्र, दर महिन्याला पुण्याहून मोजणीला येणारे हौशी निरीक्षक, मंत्रालयातले लोक, वनखात्याचे अधिकारी. पाटीवर पिवळं कापड होतं. मी वडिलांबद्दल चार शब्द बोलावेत असं पत्रिकेत छापलं होतं.

मी पडद्यावर त्रेसष्ट ठिपके दाखवले. बावीस हिरवे, एक्केचाळीस तांबडे. तांबडे ठिपके कुठून आले ते सांगितलं, माहेरची रेषा समजावली. मग म्हटलं, “हे जंगल आपोआप सावरलेलं नाही. त्याला एका बाहेरच्या मादीनं सावरलं. ती माझ्या वडिलांनी परवानगी न घेता इथे आणली. तेव्हा बाकीच्या अकरा जंगलांना आमचं उदाहरण देणं आजपासून थांबवावं.”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वनखात्याचे एक अधिकारी माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही हे लेखी देताय का?”

“हो.”

“विचार करा. तुमच्याच वडिलांवर—”

“माझं बी लिहा,” मागून हौसाआत्याचा आवाज आला. ती उभी राहिली होती. “हौसाबाई लक्ष्मण भवारी. मी पाहिलं, मी आणलं. सही येते मला, कुठं करायची बोला.”

मग दातार सर उठले. माईक न घेताच म्हणाले, “माझा निष्कर्ष चुकीचा आहे. नऊ वर्षं मी तो शिकवला. मला ज्या माणसानं जंगल वाचायला शिकवलं, त्याला मी एकच प्रश्न विचारला आणि अर्धं उत्तर ऐकून उठलो. प्रबंध मी मागे घेतो.”

पिवळं कापड कुणी काढलं नाही. ते तसंच राहिलं आणि सगळे जेवायला बसले.

गुन्हा नोंदवला गेला. अधिकारी त्यासाठी दोनदा घरी आले आणि दोन्ही वेळा चहा घेताना ओशाळले. मंडळाचं राखणीचं पत्र सहा महिने स्थगित झालं. त्या सहा महिन्यांत मंडळाचे लोक रोज सकाळी जंगलात नुसते फिरायला जात होते. फिरायला परवानगी लागत नाही. आबांवरचं प्रकरण ते हयात नसल्यानं बंद झालं आणि हौसाआत्याला समज देऊन सोडलं. समज देणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला तिनं शेकराचं ताजं घरटं कसं ओळखायचं ते शिकवलं. निरीक्षण केंद्राला नुसता क्रमांक मिळाला. गावातल्या काहींनी माझ्याशी बोलणं सोडलं. आईनं मात्र एवढंच विचारलं, “म्हणजे ते लग्नाला गेले नव्हते?” आणि मग बऱ्याच दिवसांनी ती जेवताना मनापासून हसली.

चौदा महिन्यांनी भुईदऱ्याला परवानगी मिळाली. अकरांमधली पहिली. तिथल्या गटानं आम्हाला बोलावलं, म्हणजे खरं तर हौसाआत्याला बोलावलं. मी तिची पिशवी धरायला.

मादी करंजदऱ्याचीच होती, तांबड्या ठिपक्यांतली. पेटी सरकारी होती, जाळीची, तापमान दाखवणारी. आत तिचं घरटं होतं, काटक्या-पानांसकट. जांभळीच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात पेटी बांधून दार उघडलं, त्याला तासभर झाला होता आणि मादी बाहेर येत नव्हती. खाली तीस माणसं माना वर करून उभी. भुईदऱ्याच्या गटातली एक मुलगी कुजबुजली, “काही चुकलं का?”

“काय चुकत न्हाई,” हौसाआत्या म्हणाली. “नवी नवरी दारात उभी राहतीच.”

वनखात्याच्या माणसाकडे स्थलांतराची नवी नियमपुस्तिका होती. वेळ जावा म्हणून मी ती चाळायला घेतली. सतराव्या पानावर सहावा नियम होता: ‘मादी हलवताना तिचे राहते घरटे सोबत न्यावे.’ त्यावर बारीक अंकात एक खूण होती. खाली तळटीप.

“काय वाचतीयेस? मोठ्यानं वाच,” हौसाआत्या म्हणाली.

मी वाचलं. “संदर्भ: करंजदरा वनगुन्हा प्रकरण. आरोपी क्रमांक एक, चिमाजी बुधा तळपे, मयत.”

आबांनी आयुष्यभर इतरांच्या प्रबंधांना आकडे पुरवले होते. त्यांचं नाव त्यात कुठेही आलं नव्हतं. छापील पुस्तकात ते पहिल्यांदा आलं ते आरोपी म्हणून, आणि त्याच्याच वर, त्यांनी डालग्याजवळ उभं राहून घेतलेला निर्णय नियम होऊन बसला होता. मी ती ओळ पुन्हा वाचली. बाकीच्यांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

भुईदऱ्याचे लोक आमच्याकडे वळून पाहत होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी नीट केली.

“न् दोन नंबर?” हौसाआत्यानं विचारलं.

“आरोपी क्रमांक दोन, हौसाबाई लक्ष्मण भवारी. हयात.”

“हयात लिहिलंय ना? मग ठीक.”

वर पानं हलली. मादी दारातून अर्धी बाहेर आली होती, आणि पुढची फांदी पेलेल का ते पाहत होती.